आरएक्सचा कार्बोरेटर दर पंधरा दिवसांनी बिघडतोय? स्क्रू फिरवायच्या आधी हे बघा

आधी त्रास काय होता ते सांगतो, तुमचाही हाच असेल तर पुढे वाचा नाहीतर सोडून द्या. गाडी १९९४ ची यामाहा आरएक्स १००, टू स्ट्रोक, बटन टायर टाकलेले, पुढचं मडगार्ड वर उचललेलं, ऑइल पंप काढून पेट्रोलमध्येच टू टी ऑइल (टू स्ट्रोक इंजिनचं ऑइल) मिसळतो, आणि काम एकच, रविवारी पहाटे पुण्याजवळचा बोपदेव घाट चढून वरच्या माळावर नाहीतर सिंहगडाच्या मागे कल्याण गावाच्या अंगाने मातीत हुंदडायचं. सकाळी एका किकला चालू व्हायची. दहा-पंधरा मिनिटं मक्खन. मग इंजिन चांगलं तापलं की थ्रॉटल सोडला तरी रेस खाली यायची नाही, हँऽऽऽ करून तशीच टांगलेली, मग कधीतरी मनात आलं की हळूहळू उतरणार, आणि सिग्नलला लोक बघायला लागतात की हा उगाच रेस का देतोय. आणि त्याच वेळी माळावर वळणातून बाहेर पडताना झटक्यात थ्रॉटल दिला की भुस्स, अर्धा सेकंद काहीच नाही, आणि मग एकदम उचल.

तर मी काय करायचो, कार्बोरेटर खोलायचा, धुवायचा, जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी) हवा मारायची, एअर स्क्रू थोडा आत घ्यायचा, बसवायचा, आणि गाडी खरंच चांगली चालायची. दोन रविवार. तिसऱ्या रविवारी परत तेच. असं जवळजवळ पाच महिने चाललं होतं आणि त्या पाच महिन्यात मी पायलट जेट (कमी थ्रॉटलला पेट्रोल देणारा) एक साइज मोठा टाकला, मग अजून एक मोठा टाकला, सुईची क्लिप एक खाच खाली नेली, आणि शेवटी अवस्था अशी की थंड असताना प्लग काळाकुट्ट आणि तापल्यावर परत रेस टांगलेलीच. म्हणजे सकाळी गाडी गुदमरतेय आणि नऊ वाजता उपाशी. एकच गाडी, एकच सेटिंग.

हे लक्षण नीट लक्षात ठेवा, कारण मला ते पाच महिने कळलं नाही. थंड असताना रिच (पेट्रोल जास्त) आणि गरम झाल्यावर लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) असं जर होत असेल, आणि सेटिंग लावल्यावर काही दिवसांनी आपोआप सुटत असेल, तर तुम्ही चुकीच्या जागी पाना लावताय.

मला हे नाना पेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी सांगितलं. मी त्यांच्याकडे तिसरा पायलट जेट मागायला गेलो होतो. त्यांनी जेट दिलाच नाही. म्हणाले, "जेट पितळेचा आहे ना? मग तो काय रात्रीत लहान-मोठा होतो का?" मी म्हटलं नाही चाचा, पण कचरा येत असेल. "कचरा आला तर साफ केल्यावर निघतो, बरोबर? आणि तुला मिळाला का कचरा? एकदा तरी?" खरं सांगायचं तर मिळाला नव्हता. एकदा फ्लोटच्या वाटीत थोडी पांढरट साय होती तेवढीच. "मग तू दर वेळी काय दुरुस्त करतोस?"

दुकानात हसलो, पण घरी येताना स्वारगेटपर्यंत तोच प्रश्न डोक्यात. मी दर वेळी काहीतरी दुरुस्त करत होतो हे नक्की कारण गाडी सुधरत होती. पण काय?

पुढच्या वेळी त्रास सुरू झाला तेव्हा मी कार्बोरेटर खोललाच नाही. फक्त इनलेट रबरची, म्हणजे कार्बोरेटर इंजिनला जोडणाऱ्या रबराची, क्लिप ढिली केली, कार्बोरेटर हाताने डावी-उजवीकडे थोडा फिरवला, परत सरळ करून क्लिप आवळली. बस. जेटला हात नाही, स्क्रूला हात नाही. गाडी चालू केली, रेस टपकन खाली. म्हणजे पाच महिने मी जे "साफ" करत होतो त्याचा उपयोग शून्य, काम करत होता तो शेवटचा क्लिप आवळायचा पाना. रबर काढून हातात घेतलं तर वरून एकदम चकाचक, आणि खालच्या बाजूने वाकवलं तेव्हा एक भेग उघडली, नखाच्या कडेएवढी, जिथे रबर लोखंडी प्लेटला चिकटवलेलं असतं अगदी तिथे. न वाकवता दिसत नाही हो. मी ते रबर दहा वेळा हातात घेतलं असेल.

का होतं ते थोडक्यात, कारण हे कळलं की बाकी सगळं आपोआप कळतं. कार्बोरेटर जेवढी हवा त्याच्यातून जाते तेवढ्याच हिशोबाने पेट्रोल देतो. त्याच्या पुढे, म्हणजे इंजिनच्या बाजूला कुठूनही हवा आत शिरली की त्या हवेसोबत पेट्रोल येत नाही, मिश्रण पातळ होतं, म्हणजे लीन. फोर स्ट्रोकमध्ये ही भानगड मॅनिफोल्डपुरती असते. टू स्ट्रोकमध्ये अख्खी क्रँककेस, म्हणजे क्रँक ज्यात फिरतो ती पिस्टनखालची पेटी, पंपाचं काम करते, तीच हवा ओढते आणि तीच दाबून वर ढकलते, त्यामुळे रबर, रीड व्हॉल्व्हचं (हवा एकाच दिशेने आत सोडणाऱ्या पाकळ्या) पॅकिंग, सिलेंडरच्या खालचं पॅकिंग, क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑइल सीलं, यातलं काहीही गेलं तरी दोष कार्बोरेटरवर येतो. आणि हवेची ही चोरी बंद थ्रॉटलला सगळ्यात जास्त जाणवते कारण तेव्हा मुळात आत जाणारी हवाच थोडी असते, म्हणून रेस टांगते. आणि हे नुसतं चिडचिड करायचं काम नाही, लीन चालवत राहिलात तर एक दिवस चढावर पिस्टन जाम होणार आणि मागचं चाक लॉक.

तर पहिली तपासणी, फुकटची. गाडी तापलेली, रेस टांगलेली आहे, तेव्हा चोक थोडा ओढा. रेस खाली येऊन गाडी शहाण्यासारखी चालली तर लीन आहे. अजून गुदमरली, चार ठोके सोडून एक मारायला लागली, तर रिच आहे आणि मग हा लेख तुमच्यासाठी नाही, एअर फिल्टर धुवा आणि चोकचा प्लंजर पूर्ण बसतोय का बघा.

दुसरी, इंजिन चालू ठेवून रबरवर आणि रीडच्या जोडावर साबणाचं पाणी किंवा कार्ब क्लीनरचा बारीक फवारा. इंजिनचा आवाज बदलला की तिथे भोक. पण कार्ब क्लीनर पेट घेतो, सायलेन्सर तापलेला असतो, तेव्हा गाडी थंड असताना नुकतीच चालू करून करा आणि एकटे करू नका. ऑइल पंप काढलेला असेल तर त्याची नळी जिथे लागत होती ते तोंड पण बघा. माझ्या मामेभावाच्या गाडीत तिथे कोणीतरी एमसीलचा गोळा लावला होता आणि तो पेट्रोलच्या वाफेने हलायला लागला होता.

मी नवीन रबर टाकलं आणि वाटलं सुटलो. तीन आठवडे गेले. आणि मग परत, पहिल्याएवढं नाही, पण गरम झाल्यावर रेस एक क्षण टांगतेय. इथे मी अक्षरशः स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला होता आणि चाचांचा चेहरा आठवून खाली ठेवला.

मग प्रेशर टेस्ट. हे ऐकायला भारी वाटतं पण मी आईच्या जुन्या बीपीच्या मशीनवर केलं, तो फुगा आणि काटेवाला डायल असलेला प्रकार. त्याचा काटा ३०० पर्यंत जातो, आणि पाऱ्याचे ३०० मिलिमीटर म्हणजे जवळजवळ ५.८ पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच माप), क्रँककेस तपासायला साधारण ६ च लागतं. जास्त दाब देऊ नका, पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर तर अजिबात नको, चांगली सीलं बाहेर उडतील. सायलेन्सर काढला, एक्झॉस्टच्या तोंडावर जुन्या ट्यूबचा तुकडा आणि वर लोखंडी पट्टी आवळली. कार्बोरेटर काढून इनलेट रबरमध्ये जाड नायलॉनचा बूच, त्याच्या मधून आरपार भोक, भोकात बीपीची नळी, क्लिप आवळली. बूच लेथवर ऐंशी रुपयात करून मिळाला. प्लग लावलेलाच ठेवायचा, पिस्टन खाली. काही लोक प्लगच्या भोकातून हवा भरतात, तसं केलं तर रीडच्या पाकळ्या मिटतात आणि इनलेट रबर तपासलंच जात नाही, म्हणून इनलेटमधूनच भरायची.

मग फुगा दाबत ३०० पर्यंत नेलं आणि काटा बघत बसलो. वीस सेकंदात शून्य. माझा जीवच गेला. पण साबणाचं पाणी लावल्यावर कळलं की माझंच एक्झॉस्टचं झाकण फुसफुसतंय. ते नीट केलं. मग चाळीस सेकंद. सिलेंडरच्या बुडाला काही नाही, रीडला काही नाही, रबरला काही नाही. डावीकडचं मॅग्नेटचं (क्रँकच्या टोकावर फिरणारं चुंबकाचं चाक) कव्हर काढलं, मॅग्नेटच्या मागे ब्रशने साबण सोडला आणि थांबलो. आधी काहीच नाही आणि मग मॅग्नेटच्या कडेने पांढरा फेस हळूहळू वर यायला लागला, उतू जाणाऱ्या दुधासारखा.

मॅग्नेट साइडचं क्रँक सील. कडक होऊन तिथली ओठासारखी कड चकाकत होती, नखाने दाबली तर दबत नव्हती. ही गाडी मी घ्यायच्या आधी किती वर्षं कोणाच्या तरी अंगणात उभी होती कोण जाणे.

हे सील बदलायला इंजिन फोडावं लागत नाही. मॅग्नेट काढायला पुलर लागतो, आणि इथे हात जोडून सांगतो, हातोडी मारू नका, क्रँकचं टोक गेलं तर दोनशे रुपयाच्या पुलरपायी इंजिन उघडाल. मॅग्नेटच्या मागची कॉइलवाली स्टेटर प्लेट काढायच्या आधी तिची जागा खुणेने ओरखडून ठेवा नाहीतर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, हलेल. जुनं सील ज्या तोंडाने होतं त्याच तोंडाने नवीन, ओठाला टू टी ऑइल लावून, आणि क्रँकवर चावीची (मॅग्नेट जागेवर धरणारा छोटा लोखंडी तुकडा) जी खाच असते तिच्यावर सेलोटेप गुंडाळून मगच सरकवा, ती खाच नव्या सीलची कड ब्लेडसारखी कापते. मी पहिलं सील असंच कापलं, दुसरं आणावं लागलं.

उजवीकडचं, म्हणजे क्लच साइडचं सील गेलं तर लक्षणं वेगळी. तिथून हवा नाही, गिअर ऑइल ओढलं जातं. धूर थांबत नाही, प्लग ओला, आणि गिअर ऑइल दर महिन्याला कमी होतं पण खाली थेंब नाही. प्रेशर टेस्ट करताना गिअर ऑइलचं झाकण काढून त्या भोकावर साबणाची पापुद्री धरा, फुगली की समजा. ते काम मोठं आहे, क्लच उतरवावा लागतो.

सील टाकल्यावर परत ३०० भरलं. सहा मिनिटांनी काटा २७० वर. मिनिटाला ५० च्या आत पडला तर चालवून घेतात, मला तीस पूर्ण सहा मिनिटात मिळाले, म्हणजे दिवाळीच.

आता खरं कार्बोरेटर ट्यूनिंग, जे करायला मी पाच महिन्यांपूर्वी बसलो होतो. चोरी बंद झाल्यावर माझं जुनं सगळं सेटिंग अर्थातच भयंकर रिच निघालं, त्या चोरीच्या हवेला पुरून उरावं म्हणून मी पेट्रोल वाढवत गेलो होतो ना. पायलट जेट मूळचा परत आणला, क्लिप मधल्या खाचेवर आणली, आणि एअर स्क्रू पूर्ण आत हलक्या हाताने टेकवून तिथून दीड फेरा बाहेर. हलक्या हाताने, आवळला तर त्याच्या टोकाला कंगोरा पडतो आणि मग तो स्क्रू कधीच नीट लागत नाही.

थ्रॉटलच्या मुठीवर कागदी चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा पेनाने खुणा केल्या. हे करा, लाजू नका. कारण "मधे कुठेतरी अडखळते" याला काही अर्थ नाही. पावच्या खाली अडखळली तर पायलट जेट आणि एअर स्क्रू बघा, पाव ते अर्धा स्लाइडचा (थ्रॉटल दिला की वर सरकणारा, सुई धरणारा तुकडा) कट आणि सुईची जाडी, पुढे पाऊणपर्यंत सुईचा उतार आणि क्लिप, आणि पाऊणच्या वर मेन जेट. हद्दी एकमेकांत मिसळतात पण अंदाज बरोबर येतो. एअर स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असतो, तो हवा सोडतो, म्हणून बाहेर काढला की लीन आणि आत घेतला की रिच. क्लिप वरच्या खाचेत घातली की सुई खाली बसते, लीन. खालच्या खाचेत, सुई वर, रिच. यात मी दोनदा उलटा गोंधळ घातलाय.

मी मेन जेटपासून सुरुवात करतो कारण पिस्टन जाम होतो तो पूर्ण थ्रॉटलला. नवा प्लग, गाडी पूर्ण तापलेली, लांब चढ, तिसऱ्या गिअरला पूर्ण थ्रॉटल, तसाच क्लच दाबून किल स्विच, गाडी गडगडत थांबवायची आणि प्लग काढून भिंगातून बघायचा, टोकाचा रंग नाही, पांढऱ्या चिनी मातीच्या अगदी बुडाशी जी कडी दिसते ती. तपकिरी कडी पाहिजे. कडीच नसेल, पांढरं स्वच्छ असेल, तर लगेच मोठा जेट. हे हायवेला किंवा कात्रजच्या बाजूला वाहनांमध्ये करू नका, माळावर जागा भरपूर आहे.

मेन जेट मला मूळच्यापेक्षा एक साइज मोठा लागला आणि त्याला कारण आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. नुसत्या पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९ च, म्हणजे या मिश्रणाला साधारण १३.५. गाडीचे जेट ठरले तेव्हा हे पेट्रोल नव्हतं, तेवढ्याच जेटमधून तेवढंच इंधन गेलं तरी गाडी आता लीन चालते. फ्लोटच्या वाटीतली ती पांढरट साय पण मी यालाच लावतो, इथेनॉल हवेतली ओल धरतं. म्हणून आठवडाभर गाडी उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटी रिकामी होईपर्यंत चालवतो.

ऑइलचं पण तसंच, लोक समजतात ऑइल जास्त टाकलं की गाडी रिच होते. उलट आहे. जेटमधून जाणाऱ्या मापात ऑइल वाढलं की पेट्रोल कमी झालं, म्हणजे लीन. मी लिटरला २५ मिली टाकतो, औषधाच्या सिरिंजने मोजून, आणि ते बदलत नाही.

जेट साफ करताना क्लच वायरचा धागा घालू नका. सगळी गॅरेजं घालतात. पितळ मऊ आहे, भोक मोठं होतं आणि वरचा नंबर तोच राहतो, मग तुम्ही नंबरावर विश्वास ठेवून बसता. त्याच्यापेक्षा जुन्या गाडीत नोझल बघा, सुई ज्याच्यातून वर-खाली होते ते. मातीत चाललेल्या गाडीचं ते भोक घासून अंडाकृती होतं आणि मधल्या थ्रॉटलला गाडी कायम रिच राहते, नुसती सुई नवीन टाकून काही होत नाही, जोडी बदला. स्लाइड पण कार्बोरेटरमध्ये खडखड वाजत असेल तर तिच्या कडेने हवा जाते आणि ते रबरच्या भेगेसारखंच वागतं, त्याला दुसरा कार्बोरेटर हाच इलाज.

अजून एक, हे बोपदेवच्या धुळीत खूप होतं. गाडी बरोबर पंधरा-वीस मिनिटांनी मरते, पाच मिनिटं थांबलं की परत चालू. टाकीचं झाकण उघडा, फुस्स आवाज आला तर झाकणाचं हवेचं भोक मातीने बुजलंय. कार्बोरेटर बिचारा परत निर्दोष.

राहता राहिलं हवामान. पुणे ५६० मीटरवर, सिंहगडाचा माथा १३०० च्या आसपास, वर हवा सात टक्के तरी विरळ, त्यामुळे वर गाडी थोडी जड, म्हणजे रिच चालली, घुमली तर ते ठीक आहे, तिथे थांबून स्क्रू फिरवू नका कारण तुम्हाला परत खाली यायचंय. उलटं धोक्याचं आहे. ताम्हिणी उतरून माणगावला गेलात की हवा घट्ट होते आणि गाडी लीनकडे जाते, शिवाय अख्खा घाट थ्रॉटल बंद ठेवून इंजिनवर उतरलात तर पेट्रोलसोबत येणारं ऑइल पण बंद. दर थोड्या वेळाने क्लच दाबून एक पिळा मारायचा. थंडीचं पण तसंच, एप्रिलच्या ३८ डिग्रीला लावलेलं सेटिंग डिसेंबरात पहाटे १० डिग्रीला चालत नाही, तेवढ्या फरकाने हवा १० टक्के घट्ट होते. म्हणून मी मेन जेट थंडीत लावतो आणि उन्हाळ्यात थोडी रिच चालली तर चालू देतो, पावसाळ्यातही. प्लग जरा काळा होतो, मी प्लग पुसतो.

सध्या सात महिने झाले, एअर स्क्रू दीड फेऱ्यावरच आहे. रबर मात्र दर महिन्याला काढून खालच्या बाजूने वाकवून बघतो.